आजीच्या अल्बमवरून हाताने झीन करायचंय : मांडणी, कागद, शिलाई

रानजाई

नमस्कार मंडळी,

आजीकडे दोन अल्बम आहेत. पहिला काळ्या जाड पानांचा. फोटोंना चार-चार कोपरे लावलेले, खाली पांढऱ्या शाईतली बारीक अक्षरं, आणि दर दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर. दुसरा ऐंशीच्या दशकातला, चिकट पानांचा, वर पारदर्शक प्लॅस्टिक. दिवाळीत सगळी मंडळी परळच्या घरी जमतील, तेव्हा प्रत्येक घराला एक प्रत देता येईल असं छोटं झीन या अल्बमांवरून करायचं मनात आहे. पंचवीस-तीस प्रती पुरेत. विकायचं नाही.

ज्यांनी झीन हाताळलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : स्वतः लिहायचं, कापायचं, चिकटवायचं, झेरॉक्स काढायची, घडी घालून टाके मारायचे आणि ज्याला वाचायला द्यावंसं वाटतं त्याच्या हातात ठेवायचं.

फोटोबुक ऑनलाइन मागवता येतं हे ठाऊक आहे. ते का नको हे आधीच सांगते, म्हणजे चर्चा त्या वाटेला जाणार नाही. अल्बम उघडला की आजी फोटोकडे बघते थोडं आणि बोलते खूप. आणि बोलते तेही फोटोत नसलेल्या गोष्टींबद्दल. साडी कोणाकडून मागून आणली होती, कोण रुसून आत बसलं होतं, फोटो काढणाऱ्याला चहा कोणी दिला. फोटो स्कॅन करून सगळ्या घरांत पोचवणं आज अवघड नाही. हे बोलणं मात्र कुठेच साठवलेलं नाही. म्हणून झीनमध्ये ते बोलणं यायला हवं आणि पानांची मांडणीही त्याच्यासाठीच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

एक फोटो सांगते. चाळीची गॅलरी. मधोमध स्टुलावर माझी आत्या, वर्षाची असेल-नसेल, अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, म्हणजे बोरनहाण. मागे कठड्यावर धोतर वाळतंय. आणि डाव्या कडेने, चौकटीच्या बाहेरून आत आलेला एक हात. कोपरापर्यंतच दिसतो. मनगटात काचेच्या बांगड्या. तळवा आत्याच्या पाठीमागे, पोर स्टुलावरून मागे जाऊ नये म्हणून टेकवलेला. आजीच्या म्हणण्याप्रमाणे तो हात शेजारच्या काकूंचा. फोटोखाली पांढऱ्या शाईत फक्त आत्याचं नाव आणि ‘बोरनहाण’ एवढंच आहे.

असं काही पानावर कसं आणावं? फोटो मोठा ठेवून मजकूर खाली दिला तर परत अल्बमच होतो. कागद कोणता घ्यावा, मुंबईत कुठे मिळेल, शिलाई घरी जमेल का, आणि चिकट अल्बममधले फोटो न फाडता बाहेर कसे काढायचे, हेही विचारायचं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

शाईपेन

विषय फार आवडला. नाव नवं असलं तरी हे काम आपल्याकडे जुनं आहे. गिरगाव, दादर, परळच्या चाळींत आणि शाळांत हस्तलिखित अंक निघायचे. चांगलं अक्षर असलेली एक व्यक्ती सगळा अंक उतरवून काढायची, चित्रकलेत हात बसलेला कोणीतरी मुखपृष्ठ करायचा, आणि एकच प्रत घराघरांतून फिरायची. मग सायक्लोस्टाइल आलं. १९५५ च्या सुमारास मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करूनच निघालं. त्यामागे दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ होते. साठच्या दशकात तर अशा अंकांची रांगच लागली. आताच्या काळात बॉम्बे अंडरग्राउंडच्या मंडळींनी इथे झीनचे मेळावे भरवले आहेत. तेव्हा कोणी ‘हे काय परदेशी खूळ’ म्हणालं तर त्यांना चाळीतल्या हस्तलिखिताची आठवण करून द्या.

आता कामाचं. बोलणं छापायचं असेल तर आधी ते मिळवायला हवं. आजीसमोर कागद-पेन घेऊन बसू नका. अल्बम तिच्या मांडीवर द्या, फोनचा रेकॉर्डर चालू करून बाजूला ठेवा, तिला तसं सांगा आणि गप्प बसा. ‘हे कोण?’ हा प्रश्न सर्वात शेवटी विचारा, कारण त्याचं उत्तर एका नावात संपतं. ‘फोटो कोणी काढला?’, ‘चौकटीच्या बाहेर कोण उभं होतं?’, ‘त्यानंतर काय केलंत?’ हे विचारलंत की आजी पाऊण तास बोलेल. आणि उतरवून काढताना तिची भाषा सुधारू नका. ती ‘फोटू’ म्हणत असेल तर ‘फोटू’च छापा.

मी_परळकर

+१. आमच्याकडे आजोबा गेल्यावर अल्बम उघडला, तर निम्म्या माणसांची नावं सांगणारं कोणी उरलं नव्हतं. रेकॉर्डिंग आजच करा, झीन नंतर होईल.

आरस्पानी

जुन्या कागदांच्या आणि छायाचित्रांच्या जतनाचं काम करते, म्हणून चिकट अल्बमबद्दल आधी लिहिते, कारण घाई तिथेच आहे.

त्या पानांवरचा गोंद काळानुसार पिवळा पडतो, कुठे पार सुटतो तर कुठे दगडासारखा धरतो. वरचं प्लॅस्टिकही फोटोला बरं नसतं. फोटो सुटत नसेल तर नखाने किंवा सुरीने उचकटू नका. दात साफ करायचा फ्लॉस मिळतो, तो दोन हातांत ताणून फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. फोटो वाकवायचा नाही, दोरा सरकला पाहिजे. जो फोटो तरीही ऐकत नाही तो पानासकट स्कॅन करा आणि तिथेच राहू द्या. हेच फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचं. पावसाळ्यात ओल धरून फोटोवरचा जिलेटीनचा थर काचेला बसतो. तो ओढला की चेहरा काचेवर आणि कागद हातात. काचेसकट स्कॅन करायचा.

काळ्या पानांचा अल्बम मात्र मोडू नका. फोटो कोपऱ्यांतून अलगद निघतात, मागचं लिखाण बघून परत जागेवर ठेवा. आणि मागची बाजू नक्की बघा, तीही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, ‘सप्रेम भेट’, कुठल्याशा नातेवाइकाने मोडीत लिहिलेली ओळ, असं बरंच तिथे सापडतं.

स्कॅन ६०० डीपीआयला करा. जुने फोटो लहान असतात, छपाईला ३०० लागतात, म्हणजे दुप्पट मोठा करायलाही वाव राहतो. मूळ फाइल टिफ ठेवा. ऐंशीच्या दशकातल्या फोटोंना बऱ्याचदा मधाच्या पोळ्यासारखी उठावाची जाळी असते, ती स्कॅनमध्ये चमकते. तसा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करावा आणि दोन्ही एकमेकांवर जुळवून घ्यावेत, चमक बरीच कमी होते. बुरशीचे ठिपके दिसले तर पाण्याने किंवा ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका. बुरशी त्या जिलेटीनवरच जगते, ओल मिळाली की थर सुटून येतो. कोरड्या मऊ ब्रशने, खिडकीपाशी, नाकाला रुमाल बांधून.

आणि एक विनंती. मूळ फोटो कापून झीनमध्ये लावू नका. कात्री लावायची ती प्रतीला.

वाटसरू

दुसऱ्या अल्बममधले रंगीत फोटो सगळे लालसर झाले असतील, आमचे झालेत. ते संगणकावर सहज दुरुस्त होतात. आजच्या पोरांना लाल चेहरे दाखवण्यात काय हशील? रंग नीट करून छापा.

आरस्पानी

@वाटसरू, लाली का येते ते सांगते. त्या काळच्या रंगीत कागदात तीन रंगद्रव्यांचे थर असत, आणि अंधारात, कपाटात ठेवलेल्या फोटोत निळसर हिरवा थर सर्वात आधी विरतो. उरतो तो किरमिजी आणि पिवळा. भिंतीवर उन्हात लावलेला फोटो उलट वागतो, त्यात किरमिजी आधी उडतो. म्हणजे त्या रंगावरून फोटो कुठे राहिला हे कळतं. आपल्याकडच्या दमट हवेने सगळंच लवकर होतं.

माझ्या मते दोन्ही प्रती ठेवाव्यात. घरच्यांना पाठवायला रंग सुधारलेली, झीनमध्ये आहे तशी. झीन जर अल्बमबद्दल असेल तर कपाटातली ती वर्षंही त्यात यायला हवीत.

वाटसरू

कारण पटलं, निर्णय अजून नाही पटला. आपल्या माणसाचा चेहरा जसा होता तसा दिसावा ही इच्छा काही चुकीची नव्हे. आजीलाच विचारावं.

सांजवात

रानजाई, तो हात वाचला आणि थांबले. माझं सुचवणं असं : अख्खा अल्बम घेऊ नका. फक्त हात घ्या. अल्बमभर शोधा. बाळाला धरणारे, पंगतीत वाढणारे, नवरीचा शेला सारखा करणारे, कडेला अर्धवट कापले गेलेले. ते बहुतेक बायकांचे निघतील.

त्यालाही कारण आहे. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या घरांत असायचा तो अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा. एका रोलवर बाराच फोटो, चौकोनी. भरपूर उजेड लागायचा आणि फ्लॅश बहुतेकांकडे नसे. म्हणून आपले अल्बम गॅलरी, गच्ची, राणीची बाग, चौपाटी आणि कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट यांनी भरलेले. स्वयंपाकघरात उजेड नाही, म्हणून तिथे फोटो नाही, आणि जी बाई दिवसाचे बारा-चौदा तास तिथे होती ती अल्बममध्ये सणावारी, नेसून-सवरून, तीसुद्धा मागच्या रांगेत. रोल महाग, म्हणून कामाचा साधा दिवस कोणी टिपला नाही. ते काम फोटोत शिरलं ते असं चोरून, चौकटीच्या कडेने. तुमच्या आजीचं बोलणं आणि हे हात एकमेकांच्या शेजारी ठेवलेत तर झीन उभं राहील.

रानजाई

सांजवातताई, तुमचं वाचून अल्बम परत उघडला. खरोखरच हात सापडत गेले. मुंजीत मुलाच्या डोक्यावर टोपी सारखी करणारा, डोहाळजेवणाच्या फोटोत पुठ्ठ्याची चंद्रकोर मागून धरून ठेवणारी बोटं, लग्नाच्या पंगतीत फक्त वाढणारा हात आणि पळीतलं वरण. विषय ठरला : कडेचे हात.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. काल आजी आणि आत्या दोघींना एकत्र बसवून रेकॉर्डिंग केलं. बोरनहाणाच्या फोटोशी आल्यावर आजी म्हणाली, काकूंचा हात, हिरव्या बांगड्या त्याच घालायच्या. आत्या म्हणाली, आई, तो तुझा हात आहे, करंगळीच्या खाली भाजल्याचा डाग बघ. आजीने चष्मा लावून पाहिलं आणि ठामपणे नाही म्हणाली. मग काकूंबद्दल सांगू लागली. त्यांचे यजमान गिरणीत, तीन पाळ्यांची नोकरी, रात्रपाळी असली की दिवसा खोलीत निजायचे, म्हणून काकू पोरांना घेऊन दिवसभर आमच्याकडे. स्कॅन मोठा करून पाहिला. डाग आहे की फोटोवरचा ओरखडा, ठरवता येत नाही.

आता यातलं खरं कोणतं छापायचं?

शाईपेन

दोन्ही छापा! दोघींच्या नावाने, दोघींच्या शब्दांत, शेजारी-शेजारी. निवाडा करायला तुम्ही बसू नका. अल्बममध्ये फोटोखाली एकच ओळ मावते, म्हणून तिथे एकाचंच म्हणणं उरतं. झीनमध्ये जागा आहे.

तिसरा_मजला

छापखान्यात आणि बायंडिंगच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा कागद आणि शिलाईचं मी लिहितो. थोडं लांबेल.

आधी डमी करा. साधा कागद घ्या, हवी तेवढी पानं होतील इतके ताव मधोमध दुमडून एकात एक घाला, पानांवर आकडे टाका आणि पेन्सिलीने कुठे काय ते लिहा. डमी हातात आल्याशिवाय संगणकाला हात लावू नका. पान उलटल्यावर काय दिसतं हे पडद्यावर समजत नाही.

तुमच्या कामाला ए-फोरची अर्धी घडी, म्हणजे ए-फाइव्ह, बरी. ए-फोरचा एक ताव म्हणजे चार पानं, म्हणून एकूण पानं नेहमी चारच्या पटीत. चार ताव घेतले की सोळा पानांचा छोटा फर्मा, म्हणजे एकत्र शिवायचा गठ्ठा. जुळवणीची खूण सोपी आहे : तावाच्या एका अंगाला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज कायम सतरा. सोळा आणि एक, त्यांच्या पाठीला दोन आणि पंधरा, पुढच्या तावावर चौदा आणि तीन. सगळ्यात मधे आठ आणि नऊ, आणि तीच एक जोडी अख्ख्या तावावर सलग येते. तुमचा सर्वात मोठा फोटो तिथे टाका. बाकी ठिकाणी फोटो दोन पानांवर पसरवलात तर जोडावर चेहरा तुटेल.

कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतूंची दिशा. घडी ग्रेनच्या बाजूने आली तर कागद मऊ उलटतो, आडवी आली तर वही फुगून राहते आणि जाड कव्हर घडीवर तडकतं. ओळखायचं कसं? ताव दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, घडीची रेघ ज्या दिशेने येताना कागद कमी अडतो ती ग्रेनची दिशा. बाजारातल्या तयार ए-फोर रिममध्ये ग्रेन बहुधा लांबीने असतो, म्हणजे ए-फाइव्हची घडी नेमकी आडवी येते. सत्तर-ऐंशी जीएसएमला (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जास्त आकडा म्हणजे जाड कागद) चालून जातं. कव्हरला दोनशेच्या पुढचा कागद घेणार असाल तर मोठा ताव विकत घेऊन ग्रेन बघून कापून घ्या, आणि घडीच्या जागी क्रीजिंग, म्हणजे आधीच रेघ दाबून, करून आणा. घरी करायचं तर स्टीलची पट्टी धरून चमच्याच्या पाठीने रेघ दाबा.

कागद कुठे? क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट आणि फोर्टातली कागदवाल्यांची दुकानं. सुटे ताव मागितले तर मिळतात. आतल्या पानांना शंभर जीएसएमच्या आसपासचा मॅपलिथो (न चमकणारा छपाईचा कागद), किंचित पिवळसर मिळाला तर उत्तम. आर्ट पेपर नको, चमकतो आणि त्यावर पेनाने लिहिता येत नाही. काळ्या पानांची आठवण हवी असेल तर कव्हरला काळा कार्ड पेपर घ्या. हातकागद हवा असेल तर पुण्याच्या हातकागद संस्थेचा मिळतो, १९४० पासून ते हेच काम करतात. पण तो झेरॉक्सच्या यंत्रातून काढू नका, कव्हरलाच ठेवा.

शिलाई तीन भोकांची. ताव एकात एक घालून सारखे करा, मधल्या घडीवर तीन खुणा : एक बरोब्बर मधे, दोन कडांपासून दीड-दोन इंच आत. दाभणाने किंवा आरीने टोचा, खाली जाड पुठ्ठा ठेवून. दोरा सुती आणि मजबूत, मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं भोक सोडून सरळ खालच्या भोकातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोराची दोन टोकं त्या आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही अंगांना यायला हवीत, मग त्याच्यावरून पक्की गाठ. दुकानात सेंटर पिन मारून मिळते, ती स्वस्त पडते, पण मुंबईच्या हवेत पिनेला गंज धरतो आणि घडीपाशी तांबूस डाग पडतो. दोराच बरा.

शिवून झाल्यावर आतली पानं कडेने थोडी बाहेर येतील. ती कापायची शिवल्यानंतर, कटिंग मशीनवर. म्हणून मजकूर बाहेरच्या कडेपासून निदान अर्धा इंच आत ठेवा.

मी_परळकर

बेरीज सतराची हे लक्षात ठेवण्यासारखं. प्रत वहीत उतरवून घेतली.

निळू

रिसो छपाईचा विचार केलाय का? दोन रंगांत सुंदर दिसतं.

तिसरा_मजला

@निळू, रिसो म्हणजे जपानी बनावटीचं स्टेन्सिल डुप्लिकेटर. शाळा आणि क्लासेसमध्ये प्रश्नपत्रिकांना वापरतात, दिसायला झेरॉक्स मशीनसारखंच. एका वेळी एक रंग, दुसऱ्या रंगाला ड्रम बदलून कागद पुन्हा घालायचा. शाई कागदात मुरते, पूर्ण वाळत नाही, हाताला लागू शकते. शेकड्यांनी प्रती असतील तर परवडतं. तीस प्रतींना झेरॉक्सच.

निळू

मग झेरॉक्सबद्दल माझ्याकडून थोडं. कॉलेजात असताना झीन केली आहेत. झेरॉक्स मशीन मधल्या छटा खाते : फिकं असेल ते पांढरं, गडद असेल ते काळं. आपल्याकडे याचा परिणाम असा की सावळ्या माणसांचे चेहरे काळ्या ठिपक्यात बुडतात आणि पांढरं धोतर तेवढं उठून दिसतं. आजीचा चेहरा असा गेला तर सगळी मेहनत वाया. म्हणून प्रिंटला देण्याआधी फोटोतल्या मधल्या छटा बऱ्याच उजळून घ्या, पडद्यावर फिका वाटेल इतका, आणि दुकानात ‘फोटो मोड’ लावायला सांगा. प्रत्येक फोटोची एक प्रत काढून चेहरे बघून मगच सगळं छापा. दुकानदार घाई करतो, म्हणून दुपारी दोन-तीनच्या सुमारास जावं.

घरच्या इंकजेटपेक्षा टोनर चांगला. टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवलेली पूड, ओल्या बोटाने पसरत नाही. साधी इंकजेटची शाई मुंबईच्या दमट हवेतही पसरते.

अक्षरांचं : देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार झेरॉक्समध्ये आधी तुटतात. अकरा पॉइंटच्या खाली जाऊ नका, दोन ओळींत भरपूर जागा सोडा. मुंबईच्याच एक टाइपने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ मोफत मिळतात आणि छोट्या आकारात स्वच्छ राहतात. पण तुमच्या कामात मी फॉन्ट फक्त आजी-आत्याच्या बोलण्याला वापरेन, बाकी सगळं हाताने. काळ्या पानावर पांढरी अक्षरं हवीत तर पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने लिहा आणि मशीनवर उलट, म्हणजे निगेटिव्ह करून घ्या.

सांजवात

त्या बोरनहाणाच्या पानासाठी एक कल्पना. उजव्या पानावर फोटो, मजकूर नाही. त्याच्यावर बटर पेपर, तुमच्या अल्बममध्ये आहे तसाच. बटर पेपरवर फक्त त्या हाताची बाह्यरेषा पेन्सिलीने, खालच्या हातावर तंतोतंत बसणारी. रेषेच्या एका बाजूला आजीचं म्हणणं, दुसऱ्या बाजूला आत्याचं. बटर पेपर खाली असेल तोवर दोघींचं बोलणं आणि मागे धूसर फोटो. वर केला की नुसता फोटो. वाचणारा स्वतःच वर-खाली करून बघेल, आणि त्याच्या घरात ‘मला विचाराल तर’ म्हणत तिसरं कोणी तरी बोलायला लागेल.

तिसरा_मजला

कल्पना झकास. बटर पेपर मशीनमधून काढू नका, गुंडाळला जातो. ट्रेसिंग पेपर नव्वद जीएसएमचा घ्या आणि हातानेच लिहा, तीस प्रतींना जमतं. शिवताना मधेच एक सुटं पान अडकत नाही, म्हणून ट्रेसिंगची पट्टी रुंद कापा, अर्धा इंच घडीपलीकडे जाऊ द्या आणि त्या पट्टीसकट शिवा. गोंद लावू नका, ट्रेसिंगला सुरकुत्या पडतात. आणि श्रावणातल्या हवेत तो कागद वळतो, तेव्हा कापण्याआधी दोन-तीन दिवस जाड पुस्तकाखाली ठेवा. कव्हरला खळ वापरणार असाल तर त्यात चिमूटभर मोरचूद घाला, कसर लागत नाही. पोरांच्या हाती लागू देऊ नका, विषारी असतं.

वाटसरू

एक अवघड प्रश्न राहिला आहे. प्रत्येक अल्बममध्ये एखादा फोटो असतो ज्यातला चेहरा कोणीतरी खरवडलेला किंवा कापून टाकलेला असतो. किंवा चार कोपरे आहेत, फोटो नाही. त्याचं काय करणार? तीस घरांत ते जाणार आहे.

रानजाई

आहे तसं एक पान. चार कोपरे आणि मधे रिकामी काळी जागा, खाली पांढऱ्या शाईने लिहिलेलं नाव खोडलेलं. ते नातं तुटलं त्याला कारणं आहेत आणि ती माणसं हयात आहेत. मला ते पान फार महत्त्वाचं वाटतं, पण आजी नको म्हणाली. तिला का ते विचारलं नाही.

सांजवात

मग नाही घ्यायचं. अल्बम तिचा आहे. ज्यांचे फोटो आणि बोलणं छापणार त्या प्रत्येकाला डमी दाखवा आणि जे हयात आहेत त्यांचा होकार घ्या, पोरांच्या फोटोंसाठी त्यांच्या आईबापांचा. आजी पुढे कधी आपणहून बोलली तर तेव्हाचं तेव्हा.

वाटसरू

हे पटलं. त्याच न्यायाने चोरबाजारात मटण स्ट्रीटवर अनोळखी कुटुंबांचे फोटो विकायला असतात ते घेऊन झीन करणाऱ्यांनीही विचार करावा. तिथे होकार द्यायला कोणी नाही, म्हणून जबाबदारी वाढते. आणि हो, लालसर फोटोंचं आजीला विचारलंत का?

रानजाई

विचारलं. ‘माझ्या लेकीचा शालू लाल नव्हता, मोरपंखी होता, तो दिसू दे’ म्हणाली. तेव्हा तो एक फोटो रंग सुधारून, बाकीचे आहेत तसे, आणि शालूच्या फोटोखाली तिचं हे वाक्य जसंच्या तसं. वाटसरू आणि आरस्पानी, दोघांचे आभार.

सध्या ठरलं आहे ते असं. ए-फाइव्ह, सोळा पानं, वर काळं कव्हर. मधल्या आठ-नऊ पानांवर चाळीतला ग्रुप फोटो सलग. दहा आणि अकराच्या मधे ट्रेसिंग पेपर. त्याची अर्ध्या इंचाची पट्टी घडीपलीकडे सहा आणि सातच्या मधे निघेल, तिथे आजीने सांगितलेली चाळीतल्या बिऱ्हाडांची यादी आहे, आड येणार नाही. शेवटच्या दोन पानांवर काही छापायचं नाही, नुसत्या रेघा आणि वर ‘तुम्हाला आठवतं ते इथे लिहा’. दिवाळीत प्रती वाटताना प्रत्येकीबरोबर पेन्सिल देणार, आणि लिहिलेली पानं फोनवर मागवून घेणार. त्यातून दुसरा अंक होईल.

तिसरा_मजला, क्रीजिंग केलेलं कव्हर काळ्या कार्डाचं असेल तर घडीवर पांढरी रेघ उमटते का? शनिवारी अब्दुल रहमान स्ट्रीटला जाणार आहे, त्याआधी कळलं तर त्याप्रमाणे कागद घेईन.

तिसरा_मजला

फक्त वरून काळा रंग दिलेलं कार्ड असेल तर उमटते. आतपर्यंत काळं असलेलं मागा. ओळखायला एक कोपरा फाडून बघा, फाटलेली कड काळी दिसली की घ्या.